काळीपिवळीच्या टपावरचं पोतं

दारव्ह्याच्या स्टँडवरून चिचतांड्याला जाणारी धरमसिंगची काळीपिवळी जीप नेमकी कधी सुटते, हे खुद्द धरमसिंगलाही सांगता येत नसे. ती वेळेवर सुटत नव्हती, सीट भरल्यावर सुटत होती. आणि सीट भरली म्हणजे काय, यावर त्याचं आणि सवाऱ्यांचं बावीस वर्षांत एकदाही एकमत झालं नव्हतं. आत नऊ जण कोंबले गेले की लोकांना गाडी भरली असं वाटे. धरमसिंगला त्याच गाडीत आणखी चौघांची जागा दिसे. "सरका थोडं, बाई. लेकरू मांडीवर घ्या," एवढंच तो म्हणे आणि खरोखरच चौघे मावत.

माणूस ठेंगणा, पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कमी. तोंडाचं बरंचसं काम तो हॉर्नवर भागवायचा. एकदा वाजवला तर गाडी आली, दोनदा वाजवला तर निघाली, आणि लांबवर दाबून धरला तर समोर म्हैस आहे. रस्त्यावर गावं तीनच. आधी बोरखेड, मग माळतांडा, आणि शेवटी चिचतांडा, जिथं त्याचं घर होतं. सकाळी चिचतांड्याहून पहिली फेरी घेऊन दारव्ह्याला यायचं, मग दिवसभर येजा करायची, आणि संध्याकाळी परत घरी. यात कधी काही वेगळं घडेल अशी त्याची अपेक्षा नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो स्टँडवर उतरला, टपावरच्या कापसाच्या गाठोड्याची दोरी सोडायला मागे गेला, आणि बघतो तर मागच्या शिडीला तीन पोरं चिकटलेली. पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी पांढरीफटक. भुवयांवरसुद्धा धूळ. त्यातली एक चिचतांड्यावरची रुपाली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, आणि त्या वेण्या वाऱ्यानं मागच्या मागे ताठ उभ्या राहिलेल्या.

धरमसिंगनं आधी शिडीला हात लावून पाहिला. त्या शिडीचे खालचे दोन नट महिन्यापासून ढिले होते, आणि ते एकट्या त्यालाच माहीत होतं.

त्यानं तिघांना धरून समोरच्या मोहिउद्दीनच्या पंक्चरच्या दुकानात नेलं, माठाजवळ बसवलं आणि पाणी दिलं. मग विचारलं, "काहून लटकले रे?"

"आमी रोजच लटकतो, काका," रुपाली म्हणाली. "नाल्यापर्यंत गेलं तं एक पॉइंट, पुलापर्यंत दोन. आज तुमी हळू केलीच नाई, मंग उतरता नाई आलं."

"मंग?"

"मंग आमी जितलो."

धरमसिंगनं माठातून आणखी एक पेला भरला. "दुसरा खेळ नाई का तुमाले?"

"हाये ना. शाळेत बॅट हाये, बॉल हाये, रिंग हाये. कपाटात."

"मंग कपाट उघडा."

"साहेब आले का उघडतात. साहेब गेले का लावतात. खराब होईल म्हनतात."

"साहेब कवा येतात?"

रुपालीनं बाकीच्या दोघांकडं पाहिलं. तिघांनी मिळून आठवायचा प्रयत्न केला. "मागच्या वर्सी आलते," ती म्हणाली.

मोहिउद्दीन ट्रॅक्टरच्या टायरमागे उकिडवा बसून हे सगळं ऐकत होता. उंच, काटकुळा, मेंदी लावलेली दाढी. "मले टाइम नाई" हे त्याचं सर्वांत आवडतं वाक्य, आणि ते म्हणता म्हणता समोरच्याचं काम तो करून टाकत असे.

"मोहिउद्दीनभाई," धरमसिंग म्हणाला, "एखादा बॉल होईल का तुह्याच्यानं?"

"मले बिलकुल टाइम नाई," मोहिउद्दीन म्हणाला आणि त्यानं कात्री उचलली. "हे टायर पाय, बारा वाजेपर्यंत द्याचं हाये. वरतून दोन सायकली." तोवर त्यानं जुन्या ट्यूबची बारीक बारीक कडी कापायला सुरुवातही केली होती. चिंध्यांचा घट्ट गोळा केला आणि त्यावर कड्यामागून कडं चढवलं. चेंडू तयार झाला. तो आपटला की उसळायचा चांगला, पण वर नाही, बाजूला. कोणत्या बाजूला, हे बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मोडक्या सागवानी पलंगाच्या फळीची त्यानं बॅट केली. पहिली बॅट एवढी जड झाली की ती उचलायला दोन भिडू लागले असते, म्हणून तिच्या लगोरीच्या चकत्या केल्या आणि दुसरी केली. मोटरसायकलच्या ट्यूबच्या रिंगा केल्या. स्टंप म्हणून लोखंडी सळया एका पट्टीवर उभ्या केल्या. बारा वाजता ट्रॅक्टरवाला आला तेव्हा टायर होता तसाच होता, आणि मोहिउद्दीन त्याला सांगत होता की आज सकाळपासून बसायलाही टाइम मिळाला नाही.

सामान झालं, पण एकच झालं, आणि गावं तीन. पलंगही एकच मोडका होता. धरमसिंगनं खताच्या एका पांढऱ्या पोत्यात सगळं भरलं, सुतळीनं तोंड बांधलं आणि पोतं टपावर टाकलं. शिडी मात्र त्यानं आधी पान्यानं काढून मोहिउद्दीनच्या दुकानात जमा केली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक गावात त्यानं गाडी थांबवली, बंपरवर उभा राहिला आणि आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. "पोतं आज एका गावाले, उद्या दुसऱ्या गावाले. सकाळच्या पह्यल्या फेरीले मले वापस पायजे. हरवलं तं गाव बंद. गाडीले लटकला तं गाव बंद." मग त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. ती रुपालीनं लिहून दिली होती, कारण तिला या माणसाच्या स्मरणशक्तीचा भरवसा नव्हता. "पोट्ट्या बी खेळतील. पोट्टे नाई म्हनले तं गाव बंद."

महिनाभरात त्या रस्त्याचं वेळापत्रकच बदललं. पोरं सकाळी पोतं घेऊन रस्त्यावर उभी असायची, आणि पोत्याबरोबर भांडणंही आणायची. पोतं धरमसिंगचं, म्हणून न्यायही धरमसिंगचा. आता धरमसिंगचं लहानपण मायबापामागे ऊसतोडीच्या फडात गेलेलं. त्यानं जन्मात बॅट धरली नव्हती. कोण कशानं आऊट होतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माळतांड्याला त्याच्यापुढं पहिलाच खटला आला तो असा, की चेंडू टप्पा घेऊन झेलला, पण झेलणारा शेळीवर पडला.

धरमसिंगनं डोकं खाजवलं. "शेळीले लागलं का?"

"नाई."

"मंग दोघंही आऊट."

हा न्याय इतका अनपेक्षित होता की दोन्ही बाजूंनी तो मान्य करून टाकला. पुढं पुढं पोरांना तो इतका आवडला की निकाल पटला नाही की ती म्हणत, "थांब, धरमकाकाले इचारू," आणि त्या धमकीनंच भांडण मिटत असे.

गंमत अशी झाली की इतकी वर्षं धरमसिंग सवाऱ्यांना ताटकळत ठेवायचा, आणि आता सवाऱ्या त्याला ताटकळत ठेवू लागल्या. गाडी तेराच्या तेरा माणसांनी भरलेली, इंजिन सुरू, आणि आतले तिघे उतरून बाभळीखाली उभे. "एकच ओव्हर, धरमसिंग. लास्टची." तो दोनदा हॉर्न वाजवी. कोणी वळूनही बघत नसे.

यात सर्वांत वाईट बोरखेडच्या विमलताई. वय बासष्ट, नऊवारी, आणि गावातल्या मोठ्या कास्तकाराची, वामनरावांची, थोरली भावजय. एके काळी त्या जिल्ह्याला खो-खो खेळून आल्या होत्या, ही गोष्ट लग्नानंतर चाळीस वर्षं कोणी काढली नव्हती. त्या दवाखान्याला म्हणून गाडीत बसल्या आणि पोरांचा खो-खो पाहून गाडी सुटायच्या आतच उतरल्या. "हे काय खो देणं हाये का? पाठीले हात लाव, आवाज काढ, मंग पळ," म्हणत त्यांनी पदर खोचला. दवाखाना त्या दिवशी राहिला. त्यानंतरही बहुतेक राहिलाच.

अशात मार्गशीर्षात वामनरावांच्या मुलीचा, सुरभीचा, साखरपुडा निघाला. दारव्ह्याला हॉल घेतला होता. मुलाकडचे कळंबजवळच्या गावचे, चांगले तालेवार. वामनराव म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस. मिशा पिळलेल्या, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. घरच्या गाडीत बायका आणि लाडवांचे डबे भरले आणि एक पोतं उरलं. त्यात पाहुण्यांना द्यायचे नारळ, टोप्या आणि शेले होते. "टाक रे धरमसिंगच्या टपावर," वामनराव म्हणाले.

धरमसिंगनं टाकलं. टपावर माळतांड्याहून घेतलेलं खेळाचं पोतं होतंच. दोन्ही एकाच कंपनीच्या खताची, दोन्ही पांढरी, दोघांच्याही तोंडाला सुतळी. दारव्ह्याला हॉलवरचा माणूस आला आणि एक पोतं खांद्यावर घेऊन गेला. दुसरं धरमसिंगनं पुढच्या फेरीत पाळी होती म्हणून चिचतांड्याला उतरवलं.

हॉलमध्ये दोनशे माणूस. वामनराव माइकसमोर उभे. पाहुण्यांचं स्वागत कसं करावं याचा त्यांनी चार दिवस सराव केला होता. "आमच्या घराची जी रीत हाये," ते म्हणाले, आणि पोत्याकडं न बघता हात आत घालून, लोकांकडं बघत, त्यांनी मुलाच्या वडिलांच्या ओंजळीत ट्यूबचा चेंडू ठेवला.

मुलाच्या वडिलांनी चेंडू कपाळाला लावला. नंतर त्याकडं पाहिलं.

वामनरावांचा हात तोवर पुन्हा आत गेला होता आणि एक रिंग घेऊन बाहेर आला होता. ती त्यांनी मुलाच्या मामांच्या हातात दिली. हॉल इतका शांत झाला की मागं कोणी तरी लाडू चावत होतं ते ऐकू आलं. तिसऱ्यांदा बॅट निघाली तेव्हा कुठं त्यांनी खाली बघितलं.

"आमच्याकडं अशी रीत नसते," मामा सावकाश म्हणाले.

"बॅट मस्त हाये पन," नवरा मुलगा म्हणाला.

आणि सुरभी हसली. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण तिला हसताना बघून मुलगा हसला, मग मुलाचे मित्र, मग सगळी खुर्च्यांची रांग. पुढं काय झालं ते वामनरावांना नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की हॉलच्या मागच्या आवारात स्टंप लागले, जेवण दोन तास लांबलं, आणि साखरपुड्याच्या पैठणीत उभ्या राहिलेल्या त्यांच्या मुलीनं टाकलेला चेंडू टप्पा पडून अचानक बाजूला वळला आणि होणाऱ्या सासऱ्याची दांडी उडाली. सासरे म्हणाले, चेंडूत खोट आहे. सुरभी म्हणाली, मामंजी, पुन्हा खेळून पाहा. ते पुन्हा खेळले आणि पुन्हा आऊट झाले.

इकडं चिचतांड्याला रुपालीनं पोतं उघडलं तर आत नारळ. नवीन खेळ आला, असं सगळ्यांनी ठरवलं. नारळांची लगोरी लावून पाहिली, नारळ एकावर एक राहीनात. मग रुपालीनं दोन गट केले, एक टोपीवाल्यांचा आणि एक शेलेवाल्यांचा, आणि आऊट झालेल्याचा नारळ फोडायचा असा नियम काढला. तांड्याचे प्रमुख, नायक रूपसिंग, दुपारची झोप काढून बाहेर आले. बघतात तर पांढऱ्या टोप्या घातलेली आणि शेले पांघरलेली वीस-पंचवीस जणं आरडाओरडा करत चावडीकडून येत आहेत. डोळ्यांना जरा कमी दिसायचं. कोणी पुढारी मोर्चा घेऊन आला असं वाटून ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "या, या. नळाच्या पान्याचं काय झालं आमच्या?"

संध्याकाळी धरमसिंगला दोन्हीकडची हकीकत कळली तेव्हा तो थेट मोहिउद्दीनच्या दुकानात जाऊन बसला. मोहिउद्दीननं त्याला चहा दिला. हसू येत असूनही मोहिउद्दीन हसला नाही, हे धरमसिंगनं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरखेडला वामनराव रस्त्याच्या मधोमध उभे होते. धरमसिंगनं हॉर्न लांबवर दाबला, मग चूक लक्षात येऊन सोडला आणि खाली उतरला.

"माह्या घरची इज्जत तू टपावर बांधून फिरोली," वामनराव म्हणाले.

"चुकी झाली, भाऊ."

"थे पोतं माह्या गावात आता दिसलं नाई पायजे. दिसलं तं गावातली एक सवारी तुह्या गाडीत बसनार नाई."

चूक धरमसिंगचीच होती. बोरखेडच्या सवाऱ्यांवर त्याचं अर्धं पोट चालत होतं. त्यानं मान हलवली आणि बोरखेड वगळलं. दुसऱ्या दिवशी बोरखेडची पोरं रस्त्याकडेला बसून पोत्याकडं बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. ती नुसती बघत होती. धरमसिंगनं आरसा फिरवून घेतला.

विमलताई मात्र दुसऱ्याच सकाळी गाडीत येऊन बसल्या.

"दवाखाना का, ताई?"

"माळतांडा," त्या म्हणाल्या. "तिथं खेळ हाये ना आज? मंग."

त्या रोज जाऊ लागल्या. पोतं माळतांड्याला असलं तर माळतांडा, चिचतांड्याला असलं तर चिचतांडा. सोबत बोरखेडची दोन-तीन पोरंही मांडीवर घेऊन नेत. घरातला स्वयंपाक त्यांच्या हाताखाली चालायचा, तो वाऱ्यावर पडला. वामनरावांना दुपारचं जेवण चार वाजता मिळू लागलं, आणि तेही धाकट्या सुनेच्या हातचं. थोरल्या भावजयीला जाब विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. पाचव्या दिवशी त्यांनी दारातून फक्त एवढं विचारलं, "वहिनी, आज बी जाता का?"

"आज फायनल हाये," विमलताई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

त्याच दिवशी व्याह्यांचा फोन आला. वामनरावांनी सावरून बसत तो घेतला. साखरपुडा मोडल्याची बातमी असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण व्याही म्हणाले, "थो चेंडू कुठं भेटते? इथं गावात पोट्टे मले इचारून राह्यले. आन् मले बी एकदा खेळून पाह्याचं हाये. सुरभीले सांगू नका."

वामनराव दुसऱ्या दिवशी स्टँडवर आले. पुढच्या सीटवर न बसता ते मोहिउद्दीनच्या दुकानात टायरवर बसले. धरमसिंग पाना घेऊन चाकाशी उभा होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"मोहिउद्दीनभाई," वामनराव घसा साफ करत म्हणाले, "असं एक पोतं माह्या व्याह्यांसाठी पायजे होतं."

"मले टाइम नाई," मोहिउद्दीन म्हणाला आणि कात्री शोधू लागला. "आन् पलंग कुठून आनू? लोक मजबूत पलंग घेऊन राह्यले आजकाल."

"पलंग मी देतो."

कात्री थांबली. धरमसिंगचा पानाही थांबला.

"आन् धरमसिंग," वामनराव रस्त्याकडं बघत म्हणाले, "सोयाबीन निंघालं, माह्यं खळं रिकामं हाये. पोट्टे तिथं खेळले तं चालते. फक्त घराकडं छक्का मारू नका. माह्या खिडकीचे काच नवीन हायेत."

धरमसिंगनं मान डोलावली. मग जरा विचार करून न्याय दिला, "घराकडं मारला तं आऊट."

"दोघंही?" वामनरावांनी विचारलं. माळतांड्याची गोष्ट त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

दोन पोती झाली. मग आणखी एक राजूरकडं गेलं, तिथल्या एका ड्रायव्हरनं मागून घेतलं. धरमसिंगनं पोत्याच्या तोंडाला आता लाल चिंधी बांधली होती, आणि लग्नाच्या दिवसांत कुणाचंही पांढरं पोतं टपावर घ्यायला तो साफ नकार द्यायचा.

पौषातल्या एका संध्याकाळी बोरखेडच्या खळ्यावर खो-खो चालला होता. धरमसिंग शेवटची फेरी घेऊन आला, पोरांना हाक मारायला उतरला, आणि विमलताईंनी त्याला बोटानं जवळ बोलावलं.

"एक भिडू कमी पडून राह्यला. बस तिथं."

"मले येत नाई, ताई. सवाऱ्या बसल्या हायेत."

"बसू दे त्याइले."

धरमसिंग रांगेत उकिडवा बसला. एका बाजूला रुपाली, दुसऱ्या बाजूला एक सात वर्षांचा पोरगा. दोघांची तोंडं एकीकडं, त्याचं दुसरीकडं. गुडघे कुरकुरत होते. रस्त्यावर सवाऱ्या गाडीतून माना काढून बघत होत्या. त्याला वाटलं आपल्याला कोणी खो देणारच नाही, आणि जरा बरंही वाटलं. तेवढ्यात पाठीत थाप बसली आणि कानाशी कोणी तरी किंचाळलं, "खो."

तो उठला. कोणत्या बाजूनं पळायचं ते आठवेना. समोरून एक पोरगी वेलांटी घेत गेली. तो तिच्यामागे पळाला, खांब ओलांडून पुढं गेला, खळं संपलं तरी थांबला नाही, तुरीच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचला आणि मग आपण एकटेच धावतोय हे त्याच्या लक्षात आलं. मागं सगळे हसत होते. सवाऱ्याही हसत होत्या. तो वळला. धोतराला तुरीचा पाला चिकटलेला, श्वास लागलेला, आणि त्याला थांबावंसं वाटत नव्हतं. "पुन्हा बसू का?" त्यानं विमलताईंना विचारलं.

त्या दिवशी शेवटची फेरी चिचतांड्याला दिवेलागणीनंतर पोचली. घरी लालीबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावताना पाहिलं.

"कुठं पडले?" तिनं विचारलं.

"पडलो नाई. खेळलो."

लालीबाईनं भाकरी थापायची थांबवली. "तुमी? मंग जितले का हारले?"

धरमसिंगचा तेलाचा हात गुडघ्यावरच राहिला. ते त्यानं विचारलंच नव्हतं.

"उद्या इचारतो," तो म्हणाला.